तात्या झोपलेत

"हे हिरवं दाबलं. आता दुसरा नंबर लावा. वाजतंय? आता इथं बोट ठेवा, आजोबा. झालं. आता तुम्ही तिघंजण एका जागी आलात."

"इनामदार सर? विलास? ऐकू येतंय का रे?" तात्या एवढ्या मोठ्यानं ओरडले की शेजारच्या गॅलरीतलं माणूस वाकून बघायला लागलं.

"तात्या, हळू की जरा. कान गेला," फोनमधून आवाज आला, आणि तात्या, म्हणजे माझे वडील, खळखळून हसले.

२०२० सालचा एप्रिल होता. कराडात, पेठेतल्या आमच्या चार खोल्यांच्या घरात मी, माझी बायको अर्चना, सातवीतली मुलगी ईश्वरी आणि तात्या असे चौघं कोंडले गेलो होतो. मी ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये सर्व्हिसिंगचं बुकिंग घ्यायचो. शोरूमला कुलूप होतं. तात्या एस.टी.च्या वर्कशॉपातून मेकॅनिक म्हणून रिटायर झालेले. पण गावात त्यांची ओळख वेगळीच होती. महादेव थोरवडे म्हणजे दारू सोडलेला माणूस आणि दुसऱ्यांची सोडवणारा माणूस. नऊ वर्षं त्यांनी थेंबाला हात लावला नव्हता. मंगळवार-शुक्रवार संध्याकाळी नगरपालिकेच्या शाळेत चित्रकलेच्या वर्गात पंधरा-वीस माणसं जमायची, लहान पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसायची आणि आपापली दारू एकमेकांना सांगायची. तात्या त्यांचे म्होरके. त्यांना स्वतःला अवघड गेलं की ते तिथल्याच इनामदार सरांशी बोलायचे.

लॉकडाउन लागला आणि शाळा बंद झाली. पहिल्या आठवड्यात तात्या पिंजऱ्यातल्यासारखे येरझाऱ्या घालत होते. मग त्यांनी कॅलेंडरच्या पाठीमागं सगळ्यांचे नंबर लिहिले, कुणाला कधी फोन करायचा त्याच्या वेळा ठरवल्या आणि नातीकडून कॉल जोडायला शिकून घेतलं. मंगळवार-शुक्रवार संध्याकाळी सात वाजता सगळ्यांची फोनवर मीटिंग. ज्यांच्याकडं साधे बटणांचे फोन होते त्यांनाही ते जोडून घ्यायचे. बाकी दिवसभर एकेकाला वेगवेगळे फोन. "जेवलास का? झोप लागली का? आजचा दिवस काढ, उद्याचं उद्या बघू."

सकाळी साडेआठची वेळ विलास वायदंडेची होती.

विलास ओगलेवाडीचा. बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. दारू सोडून त्याला चौदा महिने झाले होते. लग्नसराईत त्याला दिवसाला दोन-दोन वराती असायच्या, पण त्या साली एकही लग्न वाजलं नाही. कपाटातला लाल कोट काढून बघतो आणि परत ठेवतो, असं तो तात्यांना सांगायचा. मला हे माहीत होतं कारण आमच्या घरात माझी खोली आणि तात्यांची खोली यांच्यामध्ये फक्त एक पडदा होता.

"बाळा, घाबरू नको," तात्या त्याला म्हणायचे. "मी आहे. कितीही वाजता फोन कर. मी उचलणार. मी नाही उचलला तर समज मी मेलो."

बाळा.

पडद्याच्या अलीकडं मी चहा पीत बसलेला असायचो. मला चाळीस वर्षांत त्या माणसानं एकदाही बाळा म्हटलं नव्हतं. मला जे म्हटलं होतं ते इथं लिहिण्यासारखं नाही. ज्यांना दारू सोडलेले तात्या भेटले त्या सगळ्यांना वाटायचं, उदय नशीबवान. माझ्या वाट्याला आधीचे तात्या आले होते. आईच्या वाट्याला तर फक्त तेच आले. दोन्ही किडन्या गेलेल्या, आठ दिवस सरकारी दवाखान्यात पडून होती ती. तिनं दोनदा त्यांचं नाव घेतलं. दोन्ही वेळा मी स्टँडपलीकडच्या गुत्त्यावर त्यांना शोधत फिरलो. ती गेल्यावर ते थेट घाटावरच आले, आणि चितेला प्रदक्षिणा घालताना मडक्यासकट पडले. लोक हसले. म्हणजे हसू दाबलं. मी चोवीस वर्षांचा होतो.

ती गेल्यावर सात वर्षांनी त्यांनी दारू सोडली.

सोडल्यावर ते तीनदा माझ्याकडं आले होते. "उदय, मला तुझी माफी मागायचीय. बस जरा." तीनही वेळा मी म्हणालो, "आत्ता वेळ नाही, तात्या." त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी टीव्ही बघत होतो.

मे महिन्यात दारूची दुकानं उघडली. चौकापासून पोस्टापर्यंत रांग गेली होती. मी आयुष्यात दारूला शिवलेलो नाही, पण त्या दिवशी मी रांगेत दोन तास उभा राहिलो आणि एक बाटली घेतली. कागदात गुंडाळली नाही. गल्लीतून तशीच हातात धरून आणली आणि फ्रीजच्या दारात, पाण्याच्या बाटल्यांशेजारी उभी केली.

अर्चना म्हणाली, "हे काय?"

"माझं घर आहे. मला वाटलं तर पिईन."

"तू पीत नाहीस, उदय."

"मग कुणाला त्रास होणार आहे?"

तात्यांनी संध्याकाळी पाणी प्यायला फ्रीज उघडला, आणि बंद केला. मला वाटलं, आता बोलतील. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ते माठातलं पाणी प्यायला लागले. चार-पाच दिवसांनी फक्त एकदा म्हणाले, "ती बाटली कपाटात ठेवलीस तर बरं होईल."

"नऊ वर्षं झाली ना? अजून भीती वाटते?"

"वाटते," ते म्हणाले.

मी बाटली तिथंच ठेवली. त्या दिवशी त्यांनी इनामदार सरांना तीनदा फोन केला.

जूनमध्ये ईश्वरीची शाळा ऑनलाइन सुरू झाली. घरात दोन मोबाइल, एक माझा आणि एक तात्यांचा. माझा फोन दिवसभर रिकामाच असायचा, शोरूमचं कामच नव्हतं. तरी मी सांगून टाकलं की सकाळी आठ ते बारा तात्यांचा फोन ईश्वरीला लागेल.

"साडेआठला विलासचा फोन असतो," तात्या म्हणाले. "नऊपासून दिला तर?"

"पोरीचं शिक्षण मोठं, का दारुड्यांच्या गप्पा?"

"तसं नाही रे. त्या पोराची सकाळच वाईट असते. उठला की त्याचे हात थरथरतात."

"मग त्याला तासभर आधी उठायला सांगा."

त्यांनी सांगितलंही. विलास साडेसातला फोन करायला लागला. पण त्याची सवय साडेआठची होती, आणि काही दिवस तो दोन्ही वेळा करायचा. तेव्हा वर्ग चालू असतानाच फोन वाजायचा, ईश्वरी तो कापायची, आणि मला ते बरं वाटायचं.

जुलैच्या सुरुवातीला ओगलेवाडीत विलासच्या गल्लीत दोन रुग्ण निघाले. गल्लीच्या दोन्ही तोंडांना बांबू बांधून ती सील केली. आत कुणी जायचं नाही, बाहेर कुणी यायचं नाही. तात्या पोलिसांना भेटून आले, नगरसेवकाला भेटून आले. कुणी सोडेना. परत आले ते ओट्यावर बसून राहिले.

"आत दारू मिळतेय," ते अर्चनाला म्हणाले. "बांबूच्या वरनं पिशव्या देतात. दूध मिळत नाही, पण ती मिळते."

"फोन आहे ना, तात्या," अर्चना म्हणाली.

"तेवढाच आहे."

तो मंगळवार होता. शाळेनं वर्ग रद्द केल्याचा मेसेज आदल्या दिवशीच आला होता, त्यामुळं ईश्वरी झोपली होती. अर्चना दूध आणायला गेली होती. तात्या अंघोळीला गेले होते. मीटिंगच्या दिवशी ते सकाळीच अंघोळ करून स्वच्छ शर्ट घालायचे, फोनवरची मीटिंग असली तरी. त्यांचा फोन टेबलावर होता. वर्ग नसतानाही मी तो आठ वाजता मागून घेतला होता. सवय म्हणून.

साडेआठला वाजला. विलास. मी उचलला.

"तात्या?" आवाज चिरकत होता. मागं कुठंतरी बाईचं बोलणं, भांडी.

"तात्या नाहीत. मी उदय बोलतोय."

"उदयदादा, जरा द्या की तात्यास्नी. दोनच मिनिटं. लई अवघड झालंय ओ आज. समोरच ठिवलीय. शेजारच्यानं आणून दिली, नको म्हटलं तरी ठिवून गेला. फोडाय गेलो तर हात उठंना. तात्यांचा आवाज ऐकला की टाकतो बघा मोरीत."

न्हाणीघरात तांब्याचा आवाज येत होता. तात्या मारुतीचं काहीतरी पुटपुटत पाणी घेत होते. मला फक्त दार वाजवायचं होतं. पाच पावलं.

"तात्या झोपलेत," मी म्हणालो.

"आत्ता? साडेआठला?"

"काल रात्री घेतलीय त्यांनी. अजून उतरलेली नाही."

पलीकडं बाईचं बोलणं थांबलं होतं, का मला तसं वाटलं.

"तात्यांनी?" विलास म्हणाला. "आपल्या तात्यांनी?"

"तुमच्या तात्यांनी. गेले पंधरा दिवस चाललंय. तुम्हाला सांगत नाहीत एवढंच. अहो, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच. नऊ वर्षं काय आणि नव्वद काय. शेवटी सगळे तिथंच जाता तुम्ही लोक."

"बरं," तो म्हणाला. अगदी शहाण्या मुलासारखं. "बरं. ठेवतो मग."

मी तो कॉल यादीतून काढून टाकला आणि फोन टेबलावर होता तसा ठेवला. तात्या डोकं पुसत बाहेर आले.

"विलासचा फोन आला होता का रे?"

"नाही."

"आज साडेसातलाही केला नाही त्यानं."

"झोपला असेल."

मला तेव्हा काय वाटलं ते लोक विचारतील म्हणून सांगतो. मला छान वाटलं. पोहे गार झाले होते, तरी मी दोनदा घेतले.

तात्यांनी दुपारी फोन लावला, विलासनं उचलला नाही. संध्याकाळच्या मीटिंगला त्याला जोडायला बघितलं, उचलला नाही. बुधवारी फोन बंद लागला. तात्यांनी ओगलेवाडीतल्या एका किराणावाल्याचा नंबर मिळवला, तो म्हणाला, "घरातच आहे, पण चालू केलीय त्यानं." तात्या चप्पल घालून निघाले. बांबूपाशी पोलिसानं अडवलं. तिथून त्यांनी मोठमोठ्यानं हाका मारल्या. विलासचं घर पाचवं की सहावं होतं. दार उघडलं नाही. हाका मारून मारून आवाज बसला त्यांचा. गुरुवारी पुन्हा गेले, शुक्रवारी पुन्हा.

शनिवारी सकाळी इनामदार सरांचा फोन आला. विलास पहाटे मोरीत सापडला, पालथा. उलटी श्वासात गेली असं डॉक्टर म्हणाले. सील केलेली गल्ली, म्हणून खांदा द्यायला कुणाला सोडलं नाही. प्लॅस्टिकचे झगे घातलेली चार माणसं आली आणि घेऊन गेली. त्याला कोरोना नव्हता. रिपोर्ट नंतर आला.

तात्यांनी फोन खाली ठेवला. कॅलेंडरच्या मागच्या यादीतलं विलासचं नाव ते बराच वेळ बघत बसले. खोडलं नाही.

"मंगळवारी त्याचा फोन खरंच आला नव्हता?" त्यांनी मला विचारलं.

"नाही म्हटलं ना."

दोन दिवसांनी त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. आता आधीइतकं छान वाटत नव्हतं, पण आवाज तसाच निघाला.

गल्लीचे बांबू काढले त्याच्या दुसऱ्या दिवशी विलासची बायको आमच्या दारात आली. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. तिशीतली, काटकुळी बाई, तोंडाला पदर बांधलेला, कपाळ मोकळं. तिनं बेल वाजवली नाही. ओट्याखालूनच हाक दिली.

"थोरवडे! ओ थोरवडे म्हातारं! भाईर या!"

तात्या ओट्यावर गेले. मी दारात उभा राहिलो. समोरच्या गॅलऱ्या भरायला वेळ लागला नाही. चार महिन्यांत पेठेत काही बघायला मिळालं नव्हतं.

"मंगल," तात्या म्हणाले, "ये, आत ये, बाई."

"आत कशाला येऊ? वास घ्यायला?" तिचा आवाज फाटला होता. "माझा नवरा तुमचं नाव घिऊन झोपत हुता आन् तुमचं नाव घिऊन उठत हुता. देव्हाऱ्यात फोटू लावायचा राहिलावता तुमचा. आन् तुम्ही हितं बाटल्या आणून पिताय व्हय?"

"काय म्हणतेस?"

"हितली समदी गल्ली सांगती. मे महिन्यात बाटली आणलेली बघितलीय लोकांनी. न्हाई म्हणा!"

समोरच्या गॅलरीतून कुणीतरी हं केलं.

"त्या मंगळवारी त्यानं फोन लावला तुमास्नी. बाटली म्होरं ठिवलेली. माझ्या देखत लावला. मी म्हटलं, बरं झालं, आता म्हातारा सांभाळतोय. आन् फोन कुणी घेतला? ह्येनं." तिनं माझ्याकडं बोट केलं. "तुमच्या पोरानं. म्हणाला, तात्या पिऊन पडल्यात. पंधरा दीस झालं चाललंय म्हणाला. फोन ठिवला माझ्या माणसानं आन् मला म्हणाला, मंगे, तात्याला जमलं न्हाई तर मला कुठनं जमायचं? आन् झाकण काढलं."

तात्यांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. एकदाच. त्यांच्या नजरेत राग नव्हता, असं सांगायला मला आवडलं असतं. होता. हातोडा उचलताना असतो तसा राग होता. लहानपणी ती नजर आली की मी कॉटखाली जायचो. त्या दिवशी दाराची चौकट धरली.

"मला एवढंच सांगा," मंगल म्हणाली. ती आता रडत होती आणि पदर नाकाशी चिकटला होता. "पोरगा खरं बोलला का खोटं? खोटं आसंल तर सांगा. तुमच्या पायावर डोकं ठिवते. आन् ह्येला हितं, ह्या दगडावर, मी..."

ती थांबली. गल्लीत शंभर माणसं असतील.

मी तोंड उघडलं. उघडलं हे नक्की, कारण मास्कचं कापड आत ओढलं गेल्याचं मला आठवतं.

"पोरगा खरं बोलला," तात्या म्हणाले. "प्यालो होतो मी."

मंगलनं पायातली चप्पल काढली. पहिला फटका त्यांच्या खांद्यावर बसला, दुसरा तोंडावर, चष्मा उडून गटारात गेला. तात्यांनी हात वर केला नाही. ती मारत होती आणि मोजल्यासारखं प्रत्येक फटक्याला विलासचं नाव घेत होती. मग दम लागून ओट्याच्या पायरीवर बसली, आणि तात्या तिच्यासमोर उभे राहिले, ओठातून रक्त येत होतं, तसेच. ती उठली, त्यांच्या पायाशी थुंकली आणि गेली.

मी आत येऊन फ्रीज उघडला. का ते माहीत नाही. बाटली होती. सील फुटलेलं नव्हतं.

अर्चना स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभी होती. ती बाहेर धावली. "तात्या, असं का म्हणालात? मी सांगते त्या बाईला. आत्ता जाते. तुम्ही एक थेंब..."

"पोरी, आत ये. दार लाव," तात्या म्हणाले. दार लागल्यावर त्यांनी तिला ईश्वरीची शपथ घातली. "ह्या घराबाहेर बोलायचं नाही. मी असेपर्यंत नाही आणि मी गेल्यावरही नाही."

अर्चनानं माझ्याकडं पाहिलं. "तू खरंच बोललास हे फोनवर?"

"बोललो."

त्या दिवसापासून ती ईश्वरीच्या खोलीत झोपायला लागली. अजूनही तिथंच झोपते.

संध्याकाळी सातला मीटिंग होती. तात्यांनी सुजलेल्या ओठांनी सगळ्यांना एकेक करून जोडलं. बिनचष्म्याचे होते, त्यामुळं वेळ लागला. मी पडद्याच्या अलीकडं होतो.

"माझं नाव महादेव. मी दारुडा आहे," ते म्हणाले. "माझी घसरण झालीय. विलासच्या वेळी मी प्यायलेलो होतो. आजपासून माझे दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजा."

फोनमधून एक तरुण आवाज म्हणाला, "तात्या, आम्हाला शहाणपणा शिकवताना लाज वाटली नाही?" दुसरा कुणीतरी रडत होता. इनामदार सर म्हणाले, "महादेवराव, यापुढं फोन मी जोडत जाईन. तुम्ही फक्त ऐकायला या." त्यांचं काही चुकलं नाही. नियमच तसा आहे.

"बरोबर आहे, सर," तात्या म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला ते ओट्यावर एकटेच बसले होते. मी जाऊन उभा राहिलो.

"मी तुम्हाला सांगितलं नव्हतं असं बोलायला," मी म्हणालो.

"नाही सांगितलंस."

"मग का बोललात?"

ते गल्लीकडं बघत होते. ओठावर खपली धरली होती. "तू आठ-नऊ वर्षांचा असशील. डेपोचा फोरमन दारात आला की मी तुला पुढं करायचो. सांग, तात्या आजारी आहेत, तात्या झोपलेत. तू सांगायचास. एकदा त्यानं तुझ्या कानाखाली मारली, खोटं बोलतो म्हणून. मी आत पडल्या पडल्या ऐकली ती. उठलो नाही." त्यांनी ओठावरची खपली चाचपली. "तू माझ्यासाठी बोललास. मी तुझ्यासाठी बोललो. फिटलं का?"

त्यांनी माझ्याकडं वर पाहिलं. त्या माणसाला माझ्याकडून एक शब्द पाहिजे होता. मला तो येत होता.

"नाही," मी म्हणालो. "आणि विलासचं कोण फेडणार?"

"ते तुझं तू बघ," तात्या म्हणाले आणि उठून आत गेले. त्यानंतर आम्ही दोघं त्या विषयावर बोललो नाही. दुसऱ्या कुठल्या विषयावरही फारसं नाही.

ते आणखी चार वर्षं जगले. शाळा उघडली, मीटिंगा पुन्हा चित्रकलेच्या वर्गात भरायला लागल्या, तेव्हा ते नव्या माणसांच्या बाकावर, शेवटी बसायचे. सतरंज्या झटकायचे, चहाचे कप धुवायचे. नवीन आलेल्यांना त्यांचं उदाहरण दिलं जायचं: बघा, नऊ वर्षांचा माणूससुद्धा घसरतो. ते मान डोलवायचे. हे मला इनामदार सरांनीच सांगितलं, कौतुकानं. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला तात्या ओगलेवाडीला मंगलकडं जायचे. पहिलं वर्षभर तिनं दार उघडलं नाही. ते दारासमोर तास-दीड तास बसून परत यायचे.

२०२४ च्या नोव्हेंबरात ते झोपेतच गेले. दहाव्या दिवसानंतर घरी माणसं भेटायला येत होती, त्यात इनामदार सर आले. हातात तात्यांचा फ्रेम केलेला फोटो होता.

"वर्गात लावायचाय," ते म्हणाले. "खाली किती काळ दारूपासून दूर होते ते लिहितो आम्ही. मी हिशोब केलाय. चार वर्षं चार महिने. तुम्ही घरातले, तुम्हाला नक्की माहीत असणार. बरोबर आहे ना आकडा?"

अर्चना स्वयंपाकघराच्या दारात आली होती. तिचे हात ओले होते.

तेरा वर्षं दहा महिने.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

सरांनी खिशातून पेन काढून फोटोच्या मागं लिहून घेतलं.

त्यांच्यामागून मंगल आली होती. चार वर्षांत केस पांढरे झाले होते तिचे. तिनं फोटोसमोर फूल ठेवलं, हात जोडले, आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"लई मारलं हुतं मी त्यांस्नी," ती म्हणाली. "पर एक सांगते दादा. प्यायलेला माणूस कधी कबूल करत न्हाई. माझ्या माणसानं मरस्तोवर केलं न्हाई. ह्यांनी शंभर माणसांत केलं. म्हणून मग दार उघडलं मी." तिनं पदरानं डोळे पुसले. "आन् तुमचं बी उपकार हायती. सवताच्या बापाचं कोण सांगतंय ओ? झाकूनच ठिवत्यात समदी. तुम्ही त्या दिशी खरं बोललासा म्हणून मला कळलं तरी, माझा माणूस कशापायी गेला. न्हाईतर मी जन्मभर त्येलाच शिव्या घालत बसले असते."

तिनं दोन्ही हात जोडून मला नमस्कार केला.

"बसा," मी म्हणालो. "चहा घेऊन जा." आणि आत हाक मारली, "अर्चना, चहा टाक गं."

आतून गॅस पेटल्याचा आवाज आला नाही. मंगल बराच वेळ बसून राहिली, मग गाडी चुकेल म्हणून उठली.